आबा खिडकीतून काय बघायचे

माझं गाव समुद्राकाठी, इथून फार लांब. आठवीत शाळा सुटली आणि फिरत फिरत धुळ्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला लागलो. खोली चाळीसगावला मिळाली, म्हणून रेल्वेचा तीन महिन्यांचा पास काढला. त्या वर्षी कापूस लवकर संपला, जिनिंग बंद झाली, पास तसाच उरला.

गाडीत ओळख झालेले एक आबा होते. मापाड्याचं काम सोडलेले, नुसते फिरायलाच पास काढणारे. म्हणाले, "पास तीन महिनाना शे भाऊ, कामना नही. चाल." परक्या मुलखात इतक्या मायेनं मला कुणी बोलावलं नव्हतं. गेलो.

उन्हाळ्यात डबा निम्मा रिकामा, आम्ही मोजके पासवाले. आबा खिडकीशी, मी समोर. धुळ्याला चहा प्यायचा, त्याच गाडीनं परत. कामाशिवाय फिरतोय म्हणून टीसी उतरवील, या धास्तीनं मी सारखा दाराकडे बघायचो. टीसीची पोरगी मागायची आहे का, म्हणून आबा चिडवायचे.

चैत्रात आबा झोपेतच गेले. त्यांच्या पासाचे बारा दिवस राहिले होते. आमच्या डब्याची रीत अशी, की पास संपेपर्यंत जागा त्याचीच. पासवाल्यांनी खिडकीशी आबांचा गमछा टाकला. वाऱ्यानं तो हलला, की कुणी कूस बदलल्यासारखं वाटायचं.

बाराव्या दिवशी आबांची बायको तिकीट काढून आली. अक्का या गाडीत कधीच बसल्या नव्हत्या. गमछ्याला धक्का न लावता शेजारी बसल्या आणि गाडीनं वेग घेतल्यावर मला म्हणाल्या, "त्या काय देखेत रे?"

आबा काय बघायचे ते मला ठाऊकच नव्हतं. इतके दिवस समोर बसून मी फक्त दार पाहिलं होतं. तसं सांगवेना. तेवढ्यात गिरणा नदीचा पूल आला. खाली वाळूत टरबुजाच्या वाडीवर एक झोपडी होती. मी बोट केलं. "ती."

अक्कांनी पदर डोक्यावर घेतला आणि झोपडी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिल्या.

आता अक्कांनी स्वतःचा पास काढलाय, मीही माझा वाढवून घेतला. पावसाळ्यात झोपडी वाहून गेली. तरी पूल आला, की त्या पाण्यातल्या त्याच जागेकडे बघतात. खरं सांगायचं मी दर खेपेला ठरवतो. परवा त्या हळूच म्हणाल्या, "तठेच उभा शेतस."

आबा तिथंच उभे आहेत, याला मी हो म्हणालो. मग पूल संपेपर्यंत पाण्याकडे बघायची हिंमत झाली नाही.