पिळणीजवळची शिट्टी

मामांचा कान हे त्या धुलाईखान्यातलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात भरवशाचं यंत्र होतं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून यायच्या आणि धुऊन झाल्या की पिळणीत पडायच्या. पिळणी म्हणजे माणूस उभा मावेल एवढा पोलादी ड्रम. तो गरगर फिरून चादरींतलं पाणी काढून टाकायचा. ड्रम ज्या बेरिंगवर फिरतो ती बिघडायला लागली की आधी बारीक शिट्टी घालते, आणि ही शिट्टी मामांना इतरांच्या दोन आठवडे आधी ऐकू यायची. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "हिला शुक्रवारी बदला." शुक्रवारी उघडून बघावं, तर आतले छर्रे खरोखर झिजलेले असायचे.

तरुणपणी त्यांनी एक पिळणी फुटताना पाहिली होती. झाकण तोडून ड्रम बाहेर आला आणि शेजारी उभा असलेला माणूस गेला. तिथल्या भिंतीला नंतर नवा गिलावा दिला, तो अजून वेगळ्या रंगाचा दिसतो. कामावर नवीन कुणी आलं की मामा त्याला त्या भिंतीपाशी न्यायचे. "शिट्टी वाजतेय तोवर वेळ आहे," ते सांगायचे. "ती अचानक गप्प झाली, की पळायचं. कारण विचारत बसायचं नाही."

मामा तिथे सगळ्यांचेच मामा, पण खरी भाची एकच. बहीण गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. मामा-मामींना मूलबाळ नव्हतं, तेव्हा ही पोर म्हणजे त्यांचं सर्वस्व. मोठी झाल्यावर मामांनीच तिला धुलाईखान्यात लावलं, आणि तेही मुद्दाम पिळणीवर. मामी कुरकुरल्या, तर म्हणाले, "माझा कान आहे ना तिथे!" माणसाला आपल्या हुशारीचा असा माज असू नये, पण मामांना तो होता आणि तोवर तरी शोभतही होता.

मग दोन वर्षांपूर्वी शिट्टी आली. मामांनी पिळणी थांबवायला लावली. बेरिंग उघडली, तर नव्या नवरीसारखी लखलखीत. आठवड्यानं परत शिट्टी, परत तेच. तिसऱ्यांदा मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, बेरिंग ठीक आहे हो. आता तुम्हालाच बदलायची वेळ आली." सगळे हसले, मामाही हसले. घरी येऊन हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले, तर शिट्टी तिथेही वाजत होती. घास हातातच राहिला.

त्यानंतर मामांनी घरगुती उपायांचा सपाटा लावला. कोमट तेल झालं, वाफ झाली, मानेचे व्यायाम झाले, चहा सोडून झाला. शेवटी मामींनी हाताला धरून कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी आधी तेलावरून खरडपट्टी काढली, मग कानातला मळ काढला, रक्तदाब पाहिला, गुडघ्यासाठी कोणत्या गोळ्या घेता ते विचारलं. मामा वेदनाशामक गोळ्या शेंगदाण्यासारख्या खात होते. त्यांनीही कान वाजतात म्हणून बाईंनी त्या बदलून दिल्या. शिट्टी जागची हलली नाही. मग काचेच्या खोलीत बसवून कानांची तपासणी झाली.

"चाळीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढलीत," बाई कागदावरच्या उतरत्या रेषेवर बोट ठेवून म्हणाल्या. "बारीक, उंच आवाज तुम्हाला आता जवळपास ऐकूच येत नाहीत. बाहेरून येत नाही तो आवाज मेंदू स्वतःच तयार करतो म्हणा ना."

"म्हणजे जी शिट्टी मला ऐकू येते..."

"ती बाहेर वाजली तर कदाचित कळायचीसुद्धा नाही. हे समूळ घालवणारी गोळी नाही, काका. पण त्रास कमी करता येतो. ऐकण्याचं यंत्र लावू, झोपताना बारीक आवाजात रेडिओ ठेवा, आणि तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही हे शिका."

मॅनेजरला हे सांगितलं तर उद्या घरी बसवतील, आणि पिळणीवर भाची एकटी राहील. भरवशाचा कान तर कधीच गेला होता, आणि धुलाईखान्यात हे एकट्या मामांना माहीत होतं. त्यांनी तोंड बंद ठेवलं. इथेच ते चुकले, आणि प्रेमापोटी चुकले म्हणून चूक काही लहान होत नाही.

ऐकण्याचं यंत्र तयार व्हायला महिना लागणार होता. तो संपत आला असताना भाची एकदा डबा खाताना हसत म्हणाली, "मामा, तुमचा आजार मला लागला वाटतं. माझ्याही कानात शिट्टी वाजते."

"कधीपासून?"

"चार दिवस झाले. इथे कामावर असले की. घरी गेलं की नाही."

मामांचा चेहरा पडला. या गोंगाटात हिला आणली कुणी? आपणच. त्याच दुपारी त्यांनी चोरून पिळणीला स्क्रू-ड्रायव्हर लावून पाहिला. शिट्टी होती. पण ती तर स्वयंपाकघरातही होती, अंघोळीच्या पाण्यातही होती. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिच्यासाठी स्पंजचे बोळे आणले आणि स्वतःच्या हातानं तिच्या कानांत नीट बसवले. "दिवसभर काढायचे नाहीत. आणि शिट्टीकडे लक्ष देऊ नकोस. लक्ष दिलं की वाढते." ती गुणी पोरगी. मान डोलावून पिळणीपाशी गेली, आणि मामा अर्धी रजा टाकून दवाखान्यात गेले.

बाईंनी यंत्र कानात बसवलं आणि मामांना खुर्ची सरकल्याचा, कागद फाटल्याचा आवाज आला. आतली शिट्टी पार मागे गेली. त्यांचे डोळे भरून आले.

"गोंगाटात ती कमीच वाटत असेल ना?" बाईंनी नोंद करता करता विचारलं.

"हो. घरी शांततेत डोकं खाते."

"बरोबर. बाहेरचा आवाज असला की ती झाकली जाते."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. "आणि एखाद्याला कामावरच वाजते, घरी पार बंद होते, असं असेल तर?"

बाई हसल्या. "मग त्याचे कान नका तपासू. तिथे काय वाजतंय ते तपासा."

मामांनी तिथल्या तिथे फोन काढला. भाचीचा फोन नुसता वाजत राहिला. तो कपाटात असायचा. मग मॅनेजरला लावला, त्यानं उचलला.

"पिळणी बंद करा! आत्ता!"

"मामा, पुन्हा? ही चौथी वेळ."

"पाया पडतो तुमच्या. माझं सोडा, पोरीला विचारा."

मॅनेजर पुटपुटत उठला. त्याची पावलं ऐकू आली, दार ऐकू आलं, मग यंत्रांचा घोष. आणि त्या घोषाच्या वर, बारीक, स्वच्छ, दोन वर्षांत पहिल्यांदाच बाहेरून आलेली शिट्टी.

"खरंच की, वाजतंय काहीतरी," मॅनेजर म्हणाला. मग त्याचा आवाज सैल झाला. "घ्या, थांबली आपोआप. झालं समाधान?"

मामा दवाखान्याच्या मधोमध उभे राहून भाचीच्या नावानं ओरडले, "पळ!" मॅनेजरनं फोन कानापासून दूर धरला, त्यामुळे ते ओरडणं पिळणीपर्यंतसुद्धा गेलं असेल. पण भाची पाठमोरी चादरी मोजत होती, आणि तिच्या कानांत मामांनी बसवलेले बोळे होते.