गाडीखालून बोलणारा माणूस

शटर करकरत वर गेलं आणि सकाळच्या तिरप्या उजेडात ती एकदम समोर आली. सायीच्या रंगाची, गोल पाठीची, पंचावन्न वर्षांची मोटार. पुढचे दोन दिवे डोळे विस्फारल्यासारखे, बंपर असा लखलखीत की समोर उभ्या असलेल्या तिघांची पावलं त्यात वाकडीतिकडी दिसत होती. एखादी जुनी, मानी नटी रंगमंचावर पाऊल टाकते आणि प्रेक्षक खोकायचंही विसरतात, तसं झालं. तिघांपैकी दाजींचा हात तर नकळत छातीशी गेला.

"थांबा," तिघांतल्या सर्वांत मागच्याचा आवाज आला.

हा शब्द ज्याच्या तोंडचा, त्याचं खरं नाव आता त्याच्या घरच्यांनाच ठाऊक. बाकी सगळे त्याला थांबामामा म्हणत. चाळीस वर्षं गॅरेजात गेली होती. नख कधी पांढरं दिसलं नाही, आणि जुनी गाडी बघायला कुणी नेलं की पहिला शब्द हाच. जग मात्र त्यांच्या शब्दावर कधी थांबलं नव्हतं. आजचं गिऱ्हाईक तर घरचंच, सख्ख्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजींनी ताईला शब्द दिला होता की, निवृत्त झालो की घाट उतरून तुला समुद्रावर नेईन, आणि नेईन तर अशाच गाडीतून. ताईनं त्या समुद्राची वाट तीस वर्षं पाहिली होती. घाटातली वळणं मामांना तोंडपाठ होती, म्हणून ते आज कामधाम सोडून दोघांबरोबर आले होते.

मामांनी पुढे होऊन बॉनेटवर तळहात ठेवला. बॉनेट चांगलंच तापलेलं.

"गाडी चालू केली होती?"

"अर्धा तास," मालक म्हणाले. त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, माणूस गोडबोल्या आणि नीटनेटका. "साहेबांचा काल फोन आला ना, जाणकार माणूस घेऊन येतोय म्हणून. म्हटलं, तयार ठेवू. खालून पाणी मारून घेतलं, नवीन मॅट टाकल्या."

मामांनी दाजींकडे पाहिलं. दाजी बंपरकडे पाहत होते.

"दाजी, मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, न कळवता जायचं. इंजिन थंड असताना सुरू करून बघायचं. कसं उठतं, कुरकुरतं का, धूर निळा येतो की पांढरा, सगळं पहिल्या मिनिटात कळतं. गेलं ते मिनिट."

"अहो मेव्हणे, न सांगता कुणाच्या दारात उभं राहायचं? बरं दिसतं का ते?"

"तुम्ही गाडी बघायला आलात की मुलगी?"

"हळू बोल," ताई म्हणाली. "मालक ऐकतायत."

मामांनी खिशात हात घातला. आपलं म्हणणं असं बाजूला पडणं त्यांना नवं नव्हतं. एका डॉक्टरांना त्यांनी सांगितलं होतं, ही घेऊ नका, इंजिनात पाणी शिरलंय. डॉक्टर म्हणाले, पण रंग बघा ना. तीन महिन्यांनी तीच गाडी दोराला बांधून गॅरेजच्या दारात आली, आणि डॉक्टरांनी विचारलं, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? मामांची बायको हसायची. म्हणायची, "तुम्हाला लोक सल्ल्याला नेत नाहीत, साक्षीला नेतात. त्यांचं ठरलेलं असतं." मामांना ते लागायचं, कारण खोटं नव्हतं.

त्यांनी खिशातून फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. फडकं यासाठी की रंगाला ओरखडा नको, गाडी अजून दुसऱ्याची आहे. पुढच्या पत्र्यावर चुंबक घट्ट बसलं. दारावर बसलं. मागच्या चाकावरच्या गोलाईला लावलं, तर ते घसरून मामांच्याच तळहातात पडलं.

"इथे पत्रा नाही. पुट्टी आहे, बोटभर. कधीतरी जोरात ठोकली गेलीय."

"पंचावन्न वर्षांत कोण ठोकर खात नाही?" दाजी म्हणाले. ते एव्हाना आत बसले होते आणि पातळ, मोठ्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून कुठल्यातरी रस्त्याला लागले होते.

मामांनी दार उघडून वर उचलून पाहिलं. दार दोन बोटं हललं. "बिजागऱ्या गेल्यात. दार लटकलंय."

"बंद करताना जरा उचलायचं, बस. आमच्या घरचं कपाट तसंच आहे."

तेलाचं झाकण काढलं. आतून स्वच्छ निघालं. कागदांवरचा चासी नंबर आणि पत्र्यावर कोरलेला नंबर मामांनी एकेक आकडा बोट ठेवून जुळवला. जुळला. हे त्यांनी मोठ्यानं सांगितलं, कारण चांगलं असेल ते चांगलं म्हणायची त्यांची रीत होती. पण त्यामुळे उलटंच झालं. दाजींचा चेहरा असा उजळला की जणू बाकी सगळे प्रश्न तिथेच मिटले.

"बघा, मामांनीच पास केली."

"मी नंबर पास केला. गाडी नाही."

"शब्दात नका पकडू हो."

मामांनी गोणपाट अंथरलं, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गाडीखाली सरकले. बाहेर राहिले फक्त त्यांचे बूट. वर दाजी मालकांना समुद्राकडे जायला किती तास लागतील ते विचारत होते. खाली वेगळंच जग होतं. सगळीकडे ताज्या डांबरासारखा काळा रंग मारलेला, इतका ताजा की बोटाला चिकटत होता. ताजा काळा रंग म्हणजे खाली काहीतरी झाकलंय, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरची मूठ ठोकायला सुरुवात केली. चांगलं लोखंड बोलतं. टण. टण. टण. दाराखालच्या पोकळ पट्टीपाशी आले आणि आवाज बदलला. धप.

पुन्हा ठोकलं. धप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखं.

"मालक," गाडीखालून आवाज आला, "इथे जरा टोचून बघू का? परवानगी असेल तरच."

"बघा ना, अकरा वर्षं झाली माझ्याकडे आहे. भक्कम आहे."

मामांनी हलकेच टोचलं. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि त्यांच्या तोंडावर लाल भुसा सांडला. टॉर्च लावून पाहिलं तर आत लोखंड नव्हतंच. तेलाच्या डब्याचे पत्रे एकावर एक चिकटवून वर काळं फासलं होतं. दुसऱ्या बाजूलाही तेच. गाडीचा सगळा भार ज्याच्यावर, तो सांगाडाच कुजला होता.

"दाजी," मामा म्हणाले, "खाली या."

"सांगा ना तिथूनच."

"सांगून चाळीस वर्षं झाली. आज दाखवतो. या खाली."

"मेव्हणे, कपडे बघा माझे. तुम्ही म्हणाल ते खरं. गंज असेल थोडा. जुन्या गाडीला गंज नसेल तर कुणाला असेल? आपल्या गॅरेजात करून घेऊ."

"हे करून घ्यायचं नाही. पहिल्या वळणावर गाडी मधून वाकेल. दारं उघडणार नाहीत."

"तुम्हाला प्रत्येक गाडीत काहीतरी दिसतंच."

बूट हलले नाहीत. मामा बाहेर यायला तयार नव्हते. पालथ्या घड्यावर पाणी ओतून ओतून हात दुखून आले होते. गाडीखालूनच ते म्हणाले, "मग मी इथेच पडून राहतो. कुणीतरी एकदा खाली येऊन बघेपर्यंत गाडी हलणार नाही. माझ्या अंगावरून न्यायची तर न्या."

"काय हा पोरकटपणा," दाजी म्हणाले. मालक कसनुसं हसले.

मग मामांच्या शेजारी गोणपाट हललं. ताई. चष्मा पर्समध्ये, पर्स दाजींच्या हातात, आणि एकसष्ट वर्षांचे गुडघे कुरकुरत असताना ती कोपरांवर सरकत आत आली.

"ताई, तू कशाला?"

"तूच म्हणालास ना, कुणीतरी या म्हणून. कुठे बघायचं?"

त्यांनी टॉर्च धरला. तिनं भोकात बोट घातलं. कड बिस्किटासारखी तुटून तिच्या तळहातावर पडली. तिनं ती चिमटीत चुरडली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"मी बसणार ती जागा कुठे येते?"

"बरोबर याच्यावर."

ती मागे सरकली. बाहेर जाऊन उभी राहिली, केसांतला भुसा झटकला आणि हाताची मूठ दाजींपुढे उघडली.

"हे बघा तुमचं लोखंड. मी समुद्रावर बसनं जाईन."

दाजींनी तळहात पाहिला. मग ते मालकांकडे वळले, पण मालकांचा चेहरा त्यांच्याहून उतरला होता. ते गाडीच्या दाराला टेकून उभे होते. "मी कधी खाली बघितलंच नाही," ते म्हणाले. "ज्यानं मला विकली, त्यानंही बघितलं नसेल. परवा मी साफसफाईवाल्याला खालून रंग मारायला सांगितलं, तो म्हणाला, साहेब, जुने पत्रे आहेत. मी म्हटलं, असू दे. नातवंडांना घेऊन फिरायचो हो मी यातून." मामा आता बाहेर आले होते. फसवणाऱ्यावर चिडावं म्हणून जमवलेला सगळा राग त्यांच्या हातात तसाच राहिला. चिडायला समोर कुणी नव्हतं. होते ते सगळे न वाकलेले लोक.

"आजपासून हिला शेडबाहेर काढू नका," ते मालकांना एवढंच म्हणाले. "एखादा चांगला वेल्डर पाठवतो. सांगाडा नवा करावा लागेल. होईल, पण वेळ लागेल."

परतीला मामांच्या कामाच्या व्हॅनमध्ये ताई मागे हत्यारांच्या पेटीशेजारी बसली आणि दाजी पुढे. दाजींनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. दोन चौक गेले, सिग्नल लागला, सुटला. आज मामांचं म्हणणं पहिल्यांदा कुणीतरी मानलं होतं, तरी त्यांना जिंकल्यासारखं वाटत नव्हतं. ताई मागून दोघांच्या डोक्यांकडे आळीपाळीनं पाहत होती.

"तुम्हाला माझी आवड कधी पटलीच नाही," दाजी शेवटी खिडकीलाच म्हणाले. "घर घेतलं तेव्हाही तेच. एखादी गोष्ट मला आवडली की तुम्ही हातोडी घेऊन तयार. छान होती ती. कुणालाही आवडली असती."

मामांनी गिअर बदलला.

"मला तुमच्याहून जास्त आवडली, दाजी. काच वर घ्या, धूळ येतेय."