दगडमाशीची अंडी आणि माझी साक्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढं एक बरं आहे.

अनसिंगजवळ माझा भाजीचा मळा आहे. बापाकडून एक वाफाही मिळाला नव्हता. डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव वांगी विकली, तेव्हा तो उभा राहिला. भावात मी कुणाला ऐकत नाही. राग नाकावर असतो. आणि माझं नाव कुणी गाळलं, तर ते विसरत नाही — तिथूनच सगळं बिघडलं.

मळ्याच्या कडेनं नाला आहे, होळीपर्यंत वाहतो. तिथं संगीता आली. वाशीमचीच, मजुराची लेक, विद्यापीठात संशोधन करणारी. तिला दगडमाशी हवी होती. स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या दगडांखाली वाढणारी ही माशी कुठल्या नाल्यावर आहे आणि कुठल्या नाही, याचा ती नकाशा करत होती. माश्या कुठं बसतात, हे मी दाखवलं. अट एकच घातली — माझं नाव लिहायचं. "लिहीन ना दादा," ती म्हणाली.

दिवेलागणीला मी दिवा धरला, तिथं मादी सापडली, शेपटाखाली अंड्यांचा गोळा घेतलेली. सोबतच्या सूक्ष्मदर्शकातून संगीतानं मला एक अंडं दाखवलं. खसखशीहून बारीक, पण अंगभर मधाच्या पोळ्यासारखे खळगे. एका टोकाला गळपट्टी, तिच्यात चिकट चकती. तिच्या जोरावर अंडं वाहत्या पाण्यात दगडाला धरून राहतं. प्रत्येक जातीची नक्षी वेगळी, त्यावरूनच ओळख पटते. मी बराच वेळ डोळा हटवला नाही.

मग तिचा लेख छापून आला. त्यात मी होतो — "एका स्थानिक शेतकऱ्याच्या मदतीने". एवढाच.

पुढच्या हिवाळ्यात वांग्यावर अळी पडली. फवारणीचा पंप मी नाल्यात धुतला. वाहतं पाणी सगळं नेतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. एका सकाळी खालच्या अंगाला माश्या मरून तरंगताना दिसल्या. काहींच्या शेपटाखाली तो गोळा तसाच होता. मी काडीनं त्या पुढं ढकलल्या. मला कळलं नव्हतं का? — कळलं होतं. तरी हंगामभर पंप तिथंच धुतला.

त्यानंतर संगीता तिच्या सरांना घेऊन आली. ही जात एरवी जिथं असते तिथून एवढी दूर कशी सापडेल, अशी त्यांना शंका होती. दोन दिवस दोघांनी दगड उलटे केले. एक माशी नाही. संगीतानं कुपीत जपलेली अंडी खरी होती; प्रश्न एवढाच की ती इथली होती का. सर मला म्हणाले, "हिनं इथंच माश्या पकडलेल्या तुम्ही पाहिल्या?"

संगीता निर्धास्त होती. "सांगा ना दादा. दिवा तं तुमीच धरला होता."

खरं सांगितलं, तर माश्या गेल्या कुठं, हा पुढचा प्रश्न येणार. त्याच नाल्यात मी बाजारात न्यायची मेथी धुतो. हे कळल्यावर वाशीमच्या बाजारात माझी जुडी कोण घेणार? ही भीती होती. पण फक्त भीती होती, असंही नाही.

"मले काय ठाव, साहेब? मी वांगे पाहू का माश्या? आमी आपले स्थानिक शेतकरी!"

त्या दोन शब्दांवर तिनं माझ्याकडे पाहिलं. "नावापायी, दादा?" एवढंच, हळू आवाजात. सरांना ते कळलं नाही. मला कळलं, आणि मी टोपल्या उचलायला लागलो.

आमचा नाला नकाशातून गेला. नोंद बनावट ठरली, तिचं संशोधन थांबलं. ती आता शिकवण्या घेते, असं ऐकतो. एकदा बाजारात दिसली. माझ्या शेजारच्या बाईकडून वांगी घेऊन गेली, भांडली नाही. भांडली असती तर मला बोलता आलं असतं. की तेव्हाही मी आवाजच चढवला असता?

पंप आता विहिरीवर धुतो. त्यानं काही परत आलं नाही. भर दुपारी मी नाल्यात उतरतो, दगड उलटा करून अंगठ्यानं चाचपतो — अंडं डोळ्यांना दिसणार नाही हे माहीत असून पाहतो. हाताला गार दगड लागतो, नुसता.

संगीतानं त्या माश्या इथंच, माझ्यासमोर पकडल्या. दिवा मी धरला होता. त्या मी मारल्या, आणि खोटं मी बोललो.