म्हस्कूचं तोंड

मी आन सुगंधाबाई जालन्यात एकाच जिनिंगात कापूस निवडायला होतो. बाई कामाला वाघीण, पण कायम मूग गिळून बसलेली. त्या दिवशी दुपारची सुट्टी झाली, मी भाकर सोडणार, तर ही माझ्या कानाला लागली. म्हणली, शाळेच्या हॉलात तातेराव मास्तरांच्या चित्रांचं प्रदर्शन हाये, आज शेवटचा दिवस, आन त्यात तिच्या नवऱ्याचं चित्र हाये. दुष्काळाच्या साली म्हस्कू खडी फोडायला होता, तवा मास्तरांनी काढलेलं.

मी म्हणलं, अगं बाई, भोंगा झाला की फाटक बंद. मुकादम आधीच बाया कमी करायला टपलाय. पण तिचं पुढचं ऐकून मी भाकर तशीच बांधून ठेवली. नवरा मेंढरं घेऊन सदा रानात. घरी आला तरी एका खोलीत सासू-सासरे, मंग अंधारात यायचा, अंधारात जायचा. दिवसा हिच्या तोंडावर पदर. ही बाळंतपणाला माहेरी गेल्ती तवाच तो तापानं गेला. पोचली तवर राख झाल्ती. फोटो बिलकुल न्हाई. लेक विचारते, बाप कसा दिसायचा, तर हिला सांगता येईना. नवऱ्याचं तोंड हिनं उजेडात धड बघितलंच न्हाई! जळो असला संसार, आन जळो तो पदर.

पळतच गेलो. मास्तरांनी दारातूनच बोट दाखवलं, त्या कोपऱ्यात बघा. आन कोपऱ्यात कोण उभं? रायभान, हिचा चुलतसासरा. हसनाबादहून बाजाराला आलेला, पुतण्याचं चित्र बघत थांबलेला. सुगंधाबाईचा पदर हनुवटीपर्यंत खाली आला. भिंतीला चिकटून उभी राह्यली.

म्हातारा काही हालेना. मी खोकले, बांगड्या वाजवल्या. ढिम्म. माझं अर्धं ध्यान रस्त्याकडं, भोंगा आत्ता होतो का मंग होतो. तिला हळूच म्हणलं, उचल की पदर, म्हातारा काय खातो का? तिनं नुसती मान हलवली. मला दोघांचाबी राग आला.

आन भोंगा झालाच. मंग म्हणलं, काम तर गेलं, आता कुणाला भ्यायचं? सरळ म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राह्यले.

"बाबा, तिनं नवऱ्याचं तोंड अजून बघितलं न्हाई. तुम्ही हाये तवर ती बघायची न्हाई."

रायभाननं माझ्याकडं बघितलं, मंग भिंतीजवळच्या त्या पदराकडं. मला वाटलं, आता काठी उगारतो. पण तो वळला, आन दुसऱ्या भिंतीकडं तोंड करून डोळे पुसत उभा राह्यला.

सुगंधाबाई पुढं आली. पदर पार खांद्यावर पडला तरी तिनं उचलला न्हाई. किती येळ बघत होती देव जाणे. दुसऱ्या दिवशी मुकादमानं आम्हा दोघींना आत घेतलं न्हाई, ते पुढचं. तवा मी फक्त तिच्याकडं बघून राह्यले होते. ती वळली. डोळे भरलेले, आन त्यात राग.

"लई देखणा होता गं," ती म्हणली. "मला कुणी सांगितलंच न्हाई."