जपानी माणसाचं स्थळ

सन २०२३, आणि मी एकाहत्तर वर्षांचा. गुडघे सोडले तर सगळं जाग्यावर. राहायला दुबईत, अल बर्शाला, मुलाच्या घरात आणि मुलाच्या व्हिसावर. ही दुसरी गोष्ट मुलगा तोंडाने कधी बोलत नाही, पण एसी कितीवर ठेवायचा यावरून आमचं वाजलं की त्याच्या डोळ्यांत ती मला वाचता येते. मला वाचता येतं तेवढंच. शाळा मी चौथीत सोडली. शाळेने मला काढलं नाही, मी तिला सोडली, हे आधी सांगून ठेवतो.

वसईहून गल्फला आलो तो थेट फुजैराला, बंदरावरच्या कॅन्टीनमध्ये कांदे कापायला. निवृत्त झालो तेव्हा त्याच कॅन्टीनचा मुख्य होतो. जहाजांवरून उतरणारे सगळ्या देशांचे खलाशी माझ्या हातचं जेवून गेले. त्यामुळे जपानी माणूस मला नवा नव्हता. भात नीट झाला नाही तर जपानी माणूस तक्रार करत नाही, फक्त ताटलीकडे बघत बसतो. ते बघणं शिवीपेक्षा वाईट.

तर त्या वर्षी घरात भांडण पेटलं ते नातीवरून. नात अठराची, दुबईतल्याच ऊद मेथाच्या शाळेतून नुकतीच बारावी झालेली. तिला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायला शिकायचं होतं. खेळायला नाही, बनवायला. त्यासाठी बेंगळुरूच्या एका कॉलेजात तिला जागासुद्धा मिळाली होती. बापाने हो म्हणायचं आणि सोमवारी दुपारपर्यंत कळवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, एका ऑफिसात हिशेबाच्या खात्यात साहेब. त्याचं ठरलेलं, पोरीने सी.ए. व्हायचं.

"खेळ बनवणं हे काय प्रोफेशन आहे?" तो म्हणायचा.

"डॅड, इट्स अ‍ॅन इंडस्ट्री," ती म्हणायची. आमच्या घरात आईबापांनी मराठीत ओरडायचं आणि पोरीने इंग्रजीत उत्तर द्यायचं असा रिवाज आहे.

रविवारी दुबईत खेळांचा मोठा मेळा होता. तिथे एक जपानी गृहस्थ भाषण करणार होते. नात लहानपणापासून ज्यांचा खेळ खेळत आली ते हे. आधी प्रोग्रामर, मग प्रोड्युसर. नातीने बापाला हात जोडले, "डॅड, जस्ट कम अँड लिसन. देन से नो."

मुलाने माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. "मी कशाला?" तो म्हणाला. "पप्पांना ने. आपल्याकडे स्थळ बघायला पप्पाच जातात ना? ते बघून येऊ दे. पप्पा हो म्हणाले तर माझं पण हो. खलास."

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी ऐकलंय हं. मागाहून शब्द फिरवायचा नाही."

"फिरवतोय कशाला?" मुलगा हसत म्हणाला.

तो का हसत होता ते सांगतो. आमच्या गावात लग्नाचं स्थळ आलं की समोरच्यांचं घर बघायला भावकीतल्या एखाद्या जाणत्याला पाठवतात. आमच्या भावकीत तो जाणता मी. नवरा मुलगा काय शिकलाय ते मी विचारत नाही. घरातल्या म्हाताऱ्यांना कुठे बसवलंय ते बघतो, कुत्रा यजमानाला बघून शेपूट हलवतो की पायात घालतो ते बघतो. माझ्या हातून जमलेल्या स्थळांपेक्षा मोडलेली जास्त. शिवाय घरातल्या टीव्ही-मोबाइलवर माझा राग सगळ्यांना ठाऊक. मुलाने हिशेब केला होता, की म्हातारा नाही म्हणणार, वाईटपणा म्हाताऱ्याच्या माथी, आपण नामानिराळे. हिशेबाचा साहेबच तो.

मला शिक्का समजला होता. दाबला की उमटणारा. मी म्हटलं, ठीक आहे बाबा. जातो.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर अंगावरचा काळा कोट तसाच ठेवला. स्थळ बघायला कोटाशिवाय मी जात नाही. मेट्रोने गेलो. हॉलमध्ये शिरलो तर निळ्या केसांच्या पोरी, पुठ्ठ्याच्या तलवारी घेतलेले पोरगे, एकाच्या पाठीला पंख. नात म्हणाली, हे सगळे खेळांमधली पात्रं बनून आलेत. इतक्यात पंखवाला माझ्याजवळ आला.

"हबीबी, ग्रेट कॉस्च्यूम! व्हिच कॅरेक्टर?"

मी म्हटलं, "मेन."

त्याने माझ्याबरोबर फोटो काढला. मग आणखी दोघांनी काढला. नातीने तोंडावर हात घेतला होता, पण बोटांच्या फटीतून हसत होती. सकाळपासून पहिल्यांदा हसली ती.

भाषणाआधी चहापाणी होतं, तिथे मी माझ्या कामाला लागलो. जपानी गृहस्थ कोपऱ्यात उभे होते. साठीच्या पुढचे, बारीक, साधा शर्ट. हातात समोसा. मी लांबून बघत राहिलो. त्यांनी तो तोंडात घातला नाही. कडेची घडी नखाने उकलली, पारी कशी दुमडलीय ते बघितलं, परत तशीच दुमडून बघितली, आणि मग खाल्ला. मी मनात म्हटलं, माणूस कारागीर आहे. एवढं एक त्याच्या बाजूने लिहून टाकलं. पण एका समोशावर मी पोर देत नाही.

मग भाषण. ते जपानीत बोलायचे आणि बाजूच्या बाई इंग्रजीत सांगायच्या. कॅन्टीनमध्ये जन्म गेला, मला इंग्रजी बोलता येत नाही पण माझ्याबद्दल कोण काय बोलतंय ते बरोबर कळतं. उरलेलं नात कानात सांगत होती.

तरुणपणी त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सुट्टीच्या दिवशी विजेच्या सामानाच्या दुकानात जायचे आणि काचेजवळ मांडलेल्या मशीनवर, मालक हाकलेपर्यंत, प्रोग्राम टाइप करायचे. हाकललं की उरलेला कागदावर. पुढे एका लहानशा कंपनीत लागले. तेव्हाच्या मशीनमध्ये जागा एवढी कमी, की त्यांच्या हिरोला टोपी घातली की त्याच्या घोड्याची शेपटी जायची. सगळे विचारायचे, टोपी की शेपटी? यांनी जागून जागून प्रोग्राम कापला, घासला, आणि दोन्ही बसवलं. मला हे पटलं. फुजैरात एका चुलीवर दोन कढया मीही बसवल्यात.

तो टोपीवाला खेळ कोणी घेतला नाही. दुकानांतून परत आलेल्या खोक्यांवर बसून त्यांनी पुढचा खेळ लिहिला. एका कोळ्याचा. त्याच्या गळाला मासा सोडून सगळं लागतं. जुना बूट, छत्री, दुसऱ्या कोळ्याचा गळ. तो चालला. जगभर चालला. माझी नात तो खेळत लहानाची मोठी झाली. बूट लागला की ती किंचाळायची, तेव्हा मी तिच्यावर ओरडायचो.

आणि मग कंपनीने त्यांना प्रोड्युसर केलं. "त्या दिवसापासून," ते म्हणाले, "मी प्रोग्रामची एक ओळ लिहिली नाही. लोक माझ्याकडे येतात, मी नाही म्हणतो, ते रागावतात, परत चांगलं करून आणतात."

मी नातीला म्हटलं, "म्हणजे कढईजवळून उचलून गल्ल्यावर बसवला."

"श्श, ग्रँडपा."

शेवटी प्रश्न विचारायची वेळ आली. पोरं उठून काहीबाही विचारत होती, चौथा भाग कधी, पाचवा कधी. मी हात वर केला. नातीने तो खाली ओढला. मी दुसरा केला. माइक आला.

"तू इंग्रजीत सांग," मी तिला म्हटलं. "विचार, घरी कोण कोण असतं?"

ती लाल झाली. मग माइकमध्ये म्हणाली, "सर, हू इन्स्पायर्ड यू?"

ते म्हणाले, आई आणि थोरला भाऊ. भावाचा भाजीचा गाळा आहे, आई नव्वदीची, त्याच्याकडे असते. मला हवं ते उत्तर मिळालं, म्हणून मी सोडून दिलं.

"आता विचार, पगार वेळेवर व्हायचा का?"

"ग्रँडपा, प्लीज, डोन्ट."

"विचार."

तिने विचारलं, अडचणीच्या काळात तुम्ही धीर कसा धरलात? ते बोलायला लागले ते थांबेचनात. मी ओरडलो, "पगाराला एवढं लांब उत्तर नसतं! नीट विचार!"

हॉलमध्ये आपली माणसं बरीच होती, ती फुटली हसायला. पुढच्या रांगेतून एक मल्याळी गृहस्थ उठून इंग्रजीत ओरडले, "सर, अंकल इज आस्किंग, सॅलरी वॉज कमिंग ऑन टाइम ऑर नॉट?"

बाईंनी ते जपानीत सांगितलं. गृहस्थांनी डोळे मिटले आणि पोट धरून हसले. म्हणाले, पहिल्या कंपनीत कधी व्हायचा, कधी नाही. नाही झाला की मालक खालच्या खानावळीत जाऊन आम्हा सगळ्यांना शेवयांचं सूप पाजायचा.

"सर, वन क्वेश्चन पर पर्सन," सूत्रसंचालक पोरगा मला म्हणाला.

"बेटा, एक ही है," मी म्हटलं. "उसके हिस्से हैं."

व्यसन विचारलं. म्हणाले, कॉफी, आणि दुसऱ्यांच्या खेळातल्या चुका शोधणं. या दुसऱ्या व्यसनाने बायको जास्त वैतागते. आता नात मुकाट्याने खरं तेच विचारत होती. लाज संपली की माणूस चांगलं काम करतो.

मग मी शेवटचं विचारलं. स्थळ बघताना मी ते नेहमी शेवटीच विचारतो, कारण तिथे माणूस खोटं बोलला तर मला कळतं. "तुमची स्वतःची मुलगी तुम्ही या धंद्यात द्याल?"

नातीने ते विचारलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं की हा प्रश्न मला जेवढा हवा होता त्याहून जास्त तिला तो नको होता.

गृहस्थ माइक जवळ घेऊन म्हणाले, "मला एक मुलगी आहे. मी तिला सांगितलं, या धंद्यात येऊ नकोस. रडलो, ओरडलो. तिने ऐकलं नाही. आज ती आमच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीत आहे. काय बनवतेय ते मला सांगत नाही." हॉल हसला. ते हसले नाहीत. "पण रविवारी जेवायला येते," ते म्हणाले. मग मला वाकून नमस्कार केला. मीही कोटाचं बटण लावून तसाच वाकलो. गुडघ्याने शिवी दिली, पण वाकलो.

परत येताना मेट्रोत नातीने तीन स्टेशनं दम धरला.

"सो? यस ऑर नो?"

"बेटी, स्थळ बघून आल्यावर त्याच दिवशी उत्तर द्यायचं नसतं. रात्र मध्ये जाऊ द्यावी लागते."

"ग्रँडपा! उद्या दुपारपर्यंतच मुदत आहे!" पोरगी मराठीत बोलली. घाबरली की बोलते.

"मग सकाळ आहे की."

घरी मुलगा दारातच उभा. "काय पप्पा, कसं वाटलं? पुठ्ठ्याच्या तलवारी, ना?"

"होत्या."

"मग?"

"समोसे बरे होते," मी म्हटलं, कोट खुंटीला लावला आणि जेवायला बसलो. मुलगा बायकोकडे बघून गालात हसला. त्याने माझं गप्प बसणं नकारात जमा केलं. नात ताटावरून उठून गेली. मला तिचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण मुलाला एक रात्र जिंकल्यासारखं झोपू द्यायचं होतं. त्याची मजा वेगळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा कामाला निघण्याआधी मी खाली पार्किंगमध्ये गेलो. तो हातात चहाचा मग घेऊन लिफ्टमधून आला, लांबूनच किल्लीचं बटण दाबलं, गाडी उघडली. तो पोचायच्या आत मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसलो आणि पट्टा लावला.

"पप्पा, कुठे?"

"तुझ्या ऑफिसात. होकार सांगायला आलोय."

त्याच्या मगातला चहा डुचमळला. "कसला होकार? तुम्हाला तर हे असलं काही..."

"मला बापाने केळीच्या वाडीत पाणी सोडायला सांगितलं होतं. मी गल्फला पळालो. मी तुला किचनमध्ये ये म्हटलं, तू बी.कॉम. केलंस. त्या जपान्याची पोर त्याचं ऐकत नाही, तुझी तुझं ऐकत नाही. दोन्हीकडे एकच खानदान. एवढं जुळणारं स्थळ मी आयुष्यात बघितलं नाही."

"पप्पा, उतरा. मला उशीर होतोय."

"शब्द दिलायस. बायकोने ऐकलंय. तिथे पोचेपर्यंत तुला भांडायचं तेवढं भांड, आणि मग माझ्यासमोर त्या कॉलेजला हो कळव. गाडीत तुला उठून जाता येत नाही म्हणून तर बसलोय."

तो चालकाच्या सीटवर बसला. बराच वेळ समोरच्या खांबाकडे बघत राहिला, खराब भात वाढलेल्या जपान्यासारखा. मग म्हणाला, "तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"यल्ला," मी म्हटलं, "गाडी काढ," आणि हात पुढे करून त्याचा एसी बंद केला.