कानशीच्या पात्याचा रंग

कानस झिजली की वेल्डिंगवाले ती कोपऱ्यात टाकून देतात. आमचे हे लोहार, ते ती मागून आणतात. अमरावतीला कशाच्याही कामाने गेले तरी भंगारवाल्याकडे चक्कर ठरलेली. पिशवी फुगलेली दिसली की मला वाटतं भाजी असेल, आणि आतून निघतात चार गंजक्या कानशी. घासून घासून कानशीचे दात गेले तरी आतलं पोलाद शाबूत असतं, असं यांचं म्हणणं. तिचा चाकू कलमाच्या कामाला दुसऱ्या कशाहूनही सरस.

आमच्या शेंदूरजना घाट गावात कलमाच्या चाकूला मागणी आहे. गावाभोवती संत्र्याच्या पन्हेऱ्या आहेत, म्हणजे रोपं तयार करायच्या जागा. दिवाळीनंतर तिथे जंभेरीच्या, म्हणजे एका आंबट लिंबाच्या रोपांवर संत्र्याची कलमं बांधतात. बांधणारे दिवसभर वाकलेले असतात. साल अशी उघडायची की आतला ओला गाभा दुखावला नाही पाहिजे. चाकू बोथट असला की साल फाटते आणि कलम वाळून जातं. म्हणून ते लोक चाकूच्या बाबतीत फार कटकटे असतात. तसंच असायला पाहिजे.

मी माहेरची पातूरची. चौथीत शाळा सुटली. लग्न होऊन आले तेव्हा मला भाता म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. यांनी शिकवलं, तेही शिकवतो असं न म्हणता. कानस आधी लाल करून राखेत पुरून ठेवायची, म्हणजे ती मऊ पडते. मग उरलेले दात घासून पात्याचा आकार काढायचा. मग पुन्हा लाल करून सरकीच्या तेलात बुडवायचं. तेलात बुडवलं तरी त्याला पाणी देणंच म्हणतात. आता पातं इतकं कडक होतं की हातातून पडलं तर काचेसारखं फुटेल. म्हणून शेवटी ते घासून चकचकीत करायचं आणि तव्यावर तापलेल्या वाळूत ठेवायचं. हे काम दिवसाच्या उजेडातच होतं, कारण सगळं रंगावर असतं. पात्यावर आधी गव्हाच्या काडीचा रंग येतो, मग गुळाचा, मग जांभळा, मग निळा. काडीचा रंग गुळाकडे झुकला की उचलायचं. लवकर उचललं तर धारेचे कपचे उडतात. उशीर झाला तर धार वळते. मधे वेळ असतो तो दोन-चार श्वासांचा.

हे रंग मी दारात बसून पाहून पाहून शिकले. गिऱ्हाईक आलं की मात्र मी आत. परक्या माणसासमोर माझा आवाजच निघत नाही. लहानपणापासून तसंच आहे. लोक यांना विचारत, "वयनीले बोलता येते का नाही?" हे म्हणत, "घरात येते. मलेच ऐका लागते."

दोन वर्षांमागे कलमाचा हंगाम सुरू झाला आणि पन्हेरीत काम करणारी एक बाई चाकू परत घेऊन आली. तोंडाची मोठी फटकळ. यांना मामा म्हणते, मला मामी. दारातूनच ओरडली, "मामा, हा चाकू हाय का बिस्कूट? चहात नाई बुडवला तरी तुटून राह्यला!"

हे म्हणाले, "दगडावर मारला असशीन."

"जंभेरीत दगड कुठून आला जी?"

"आताच्या कानशीच खोट्या हायेत."

"मंग कानशीले बोला, मले काहून बोलता?"

यांनी तिला दुसरा चाकू दिला. आठ दिवसांत तोही कपचा उडून परत आला. नंतर आणखी दोघांचे आले. हे कानशींना शिव्या देत राहिले. मी दाराआड उभी राहून ऐकत होते, पण कारण मलाही कळत नव्हतं.

ते कळलं एका सकाळी. मी यांच्यासमोर पेल्यात दूध ठेवलं. हे म्हणाले, "हळद काहून टाकली? मले का खोकला झाला?"

मी पेल्यात वाकून पाहिलं. दूध पांढरं शुभ्र होतं. मी म्हणाले, "जराशी पडली." तेवढंच सुचलं.

त्या दिवशी मी तव्याजवळ जाऊन बसले. पात्यावर रंग चढायला नुसती सुरुवात झाली होती, चांदीवर धूळ बसावी तेवढाच. आणि यांनी चिमट्याने पातं उचललं. "आला बराबर," म्हणाले. यांना सगळं जगच काडीच्या रंगाचं दिसत होतं. पातं तयार व्हायच्या आधीच यांना ते तयार दिसायचं.

सांगावं तर कसं सांगावं? यांच्या आजोबांचे डोळे भट्टीपुढेच गेले होते. शेवटची वर्षं ते हातात हातोडी घेऊन नुसते बसून असत, कोणी जवळून गेलं की कोण गेलं म्हणून विचारत. हे मला यांनीच सांगितलेलं. सांगताना यांचा आवाज बदलायचा. डोळ्यांचं नाव काढलं तर हे दवाखान्यात जाणार नाहीत, भट्टी विझवून टाकतील, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग घरी नुसता बसलेला हा माणूस मला पाहवला नसता.

म्हणून मी चोरी केली. दुपारी जेवून हे तासभर झोपतात. मुठी बसवायच्या राहिलेली पाती मी हळूच स्वयंपाकघरात न्यायची, पॉलिश पेपरने घासून पुन्हा पांढरी करायची आणि खिडकीजवळ चुलीवर वाळूचा तवा ठेवायचा. पहिल्या दिवशी मी चिमटा घेईपर्यंत एक पातं निळं होऊन गेलं. ते मी पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं. नंतर जमायला लागलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायलाही लागलं. एवढंसं पातं, पण त्याच्यावर रंग सरकायला लागला की जीव त्यातच अडकतो.

चाकू परत यायचे थांबले. फटकळ बाई येऊन सांगून गेली, "मामा, आता कसा! दिवसभर चालवला, धार हालली नाई." हे खूश झाले. मला म्हणाले, "पायलं? कानस चांगली पायजे बस." मी हो म्हणाले. मग जाऊन पिठाचा डबा आणखी मागे सरकवला.

पुढे एके दुपारी यांची झोप लवकर मोडली. मी चुलीपुढे, हे मागे उभे. तापल्या वाळूचा वास घरभर झाला होता.

"काय भाजून राह्यली?"

"शेंगा."

"दे मंग दोन."

शेंगा कुठून देणार? मी तव्यापुढून हललेच नाही. हे खाली बसले, चिमटा घेतला आणि वाळूतून पातं वर काढलं. किती वेळ ते चिमट्यात धरून होते. मग म्हणाले, "कवापासून?"

"दिवाळीनंतर."

"सगळे?"

मी मान हलवली. हे उठले. दारात जाऊन म्हणाले, "मले आंधया समजून भीक घालून राह्यली."

दोन दिवस एक शब्द नाही. जेवायला बसत, ताट ओढून घेत, उठत. भट्टी पेटली नाही. मला वाटलं, ज्याला मी भीत होते ते मी स्वतःच आणलं. रागावून बोलले असते तर बरं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडत होते. तेवढ्यात ती पन्हेरीतली बाई आणखी दोघींना घेऊन आली. नवे चाकू हवे होते. मी नेहमीसारखी आत वळले, तर यांनी हाक मारली. तवा शेगडीवर बाहेर आणून ठेवला होता, वाळूतून धग येत होती. "इथी बस," म्हणाले.

मी डोक्यावर पदर घेतला आणि बसले. तिघी उभ्या राहून पाहत होत्या. यांनी पातं वाळूवर ठेवलं आणि पात्याकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिले.

"रंग सांग."

मी पात्यावर वाकले. पात्यावर काडीचा रंग आला. तो दाट होत चालला. टोकाशी गुळाची कड दिसायला लागली. चिमटा यांच्या हातात तयार होता, पण हे हलले नाहीत. मी बोलले नसते तर यांनी पातं जळू दिलं असतं, हे मला यांच्या तोंडावर दिसत होतं.

"उचला!" मी ओरडलेच. इतक्या मोठ्याने की शेजारची कोंबडी फडफडली.

यांनी पातं उचलून पाण्यात टाकलं.

"अवं माय," बाई म्हणाली, "मामी बोलते काय!"

"बोलते," हे म्हणाले, "अन् बराबर बोलते. मले आता समदं पिवयं दिसते. तुमचे चांगले चाकू हिनं केले हायेत, मी नाई."

बाईने थट्टा केली नाही. ती म्हणाली, "मामा, मोतीबिंदू असन. माह्या बापाले बी झालता. अमरावतीले काढला. आता त्याले भातातला खडा दिसते."

हे बराच वेळ चिमट्याने वाळू सारखी करत राहिले. मग हळूच विचारलं, "दुखते काय?"

"नाई जी. घाबरतेच माणूस जास्त."

यांनी दुसरं पातं वाळूवर ठेवलं.

"मी येईन संगं," मी म्हणाले. तिघींच्या समोर, आणि कोणी विचारलेलं नसताना.

"ये मंग," हे म्हणाले. "पहा, आला काय रंग?"

अजून नुसती काडीच होती. म्हणून मी गप्प बसले.