सीटच्या शिवणीतला दणका

"अगं, काटा बत्तिसावर होता! या डोळ्यांनी बघितलाय मी!"

"तू बघितलास रे दादा. पण सीटने भोगलंय, त्याचं काय?"

"वा! आता सीटसुद्धा साक्ष द्यायला लागली का?"

"देतेच मुळी! तीन आठवड्यांत दोनदा उसवलीय. दुहेरी टाका घालून दिली होती मी."

"मग तुझा दोरा कच्चा असेल."

बोलून गेल्यावर फोरमनने जीभ चावली, पण उशीर झाला होता. त्याच्या बहिणीला बुटकी म्हणा, भांडकुदळ म्हणा, ती हसून सोडून द्यायची. तिच्या दोऱ्याला मात्र नाव ठेवायची सोय नव्हती. सगळी दगडखाण तिला टाकेबाई म्हणायची ती उगीच नाही.

"माझा दोरा कच्चा?" ती हातातला पाना बाकावर आपटत म्हणाली. "थांब. आज तुझा काटा आणि माझा दोरा, दोघांचा निकालच लावते!"

भांडण चाललं होतं ते चार नंबरच्या लोडरवरून. खरं सांगायचं तर लोडरवरूनही नाही, त्याच्या ड्रायव्हरवरून. महिनाभर तो लोडर भरलेली बकेट घेऊन निघाला की उड्या मारायचा. ढिगापासून क्रशरपर्यंत रस्ताभर दगड सांडायचे. काल अशाच एका दगडाने मागून येणाऱ्या ट्रकचा टायर चिरला. साहेबांनी निवाडा देऊन टाकला: ड्रायव्हर मशीन दामटतो, आज दुपारी बारापासून त्या सीटवर दुसरा माणूस बसेल.

आणि हा दामटणारा ड्रायव्हर कोण? तर कासव! एकोणीस वर्षं लोडर चालवतोय, आणि इतका सावकाश की हे नाव त्याला पहिल्याच आठवड्यात चिकटलं. त्याच्यावर वेगाचा आरोप झाल्याचं ऐकून जेवणाच्या सुट्टीत लोक पोट धरून हसले होते. कासव हसला नव्हता. डबा न उघडताच उठून गेला होता.

आता त्या उड्यांचं काय ते सांगायला हवं. भरल्या बकेटचा सगळा भार लोडरच्या दोन लोखंडी हातांवर झुलत असतो. रस्त्यात खड्डा आला की तो भार हिसका देतो. हा हिसका गिळायला पुढच्या सांगाड्यात एक जाड पोलादी बाटला बसवलेला असतो. त्याच्या एका अंगाला नायट्रोजन गॅस, दुसऱ्या अंगाला हायड्रॉलिकचं तेल, मध्ये सरकता दट्ट्या. खड्डा आला की तेल दट्ट्याला रेटतं, गॅस उशीसारखा दबतो आणि परत फुगतो. गॅस गळाला की उशी गेली. मग खड्डा रस्त्यात आणि दणका थेट माणसाच्या माकडहाडात.

फोरमनने मागच्या महिन्यात गॅस तपासला होता, काटा बत्तिसावर बघितला होता आणि कागदावर लिहिलं होतं, 'ठीक'. त्याचा शब्द म्हणजे खाणीत काळ्या दगडावरची रेघ.

टाकेबाई हा शब्द खोटा ठरवायला निघाली होती, तीही ज्याच्याकडून सगळं शिकली त्याचाच. सतरा वर्षांपूर्वी ती इथे आली ती आईचं शिलाई मशीन घेऊन, ड्रायव्हरांच्या फाटक्या सीटा शिवायला. कोपऱ्यात बसायची, पाय मशीनवर आणि कान दादाच्या कामावर. कुठला पाइप कुठे जातो, कुठला वॉल्व्ह कुठल्या आवाजाने कुरकुरतो, सगळं टाके घालता घालता ऐकलं. सहा वर्षांपूर्वी एक फिटर काम सोडून गेला तेव्हा तिने हात वर केला. दादा आधी खो खो हसला आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी पान्यांची पेटी तिच्यासमोर ठेवून म्हणाला, "चल छकुले, बस. सांग, आधी काय करायचं?"

सीटा मात्र तिने सोडल्या नाहीत, आणि त्यातूनच तिला एक विद्या साधली होती. करकचून ब्रेक मारणारा माणूस पुढे घसरतो, त्याची सीट पुढच्या कडेला फाटते. कडक वळणं घेणाऱ्याची बाजूने जाते. आणि ज्याला मशीनच वर-खाली आपटतं, त्याची बैठकीच्या मागची शिवण तटातटा तुटते. कासवाची सीट मागे उसवली होती, दोन्ही वेळा. पुढची कड अगदी नव्या कोऱ्या नवरीसारखी.

"साडेदहा वाजलेत," फोरमन म्हणाला. "बाराला दुसरा ड्रायव्हर येतोय. कर तुला काय करायचं ते. हात लावणार नाही मी."

"नकोच लावूस!"

कासवाने लोडर आत आणला, बकेट जमिनीवर टेकवली, इंजिन बंद केलं. टाकेबाईने चाकांना ठोकळे लावले आणि आधी गॅसच्या तोंडाला प्रेशर मोजायचं गेज जोडलं. काटा सरसर चढला. तीस. एकतीस. बत्तीस!

"बघ!" फोरमनने टाळीच वाजवली. "बाटल्याच्या पाटीवर किती लिहिलंय? तीस. आता शिव दोन सीटा आणि गप्प बस."

कासवाचा चेहरा पडला. टाकेबाई मात्र बाटल्याखाली वाकून बघत होती. तिथे तेलाचं प्रेशर सोडायचा एक स्क्रू असतो. त्यावर दगडाच्या भुकटीचा थर चढला होता, पावसापाण्याने घट्ट बसलेला, गिलाव्यासारखा. असा थर महिन्याभरात धरत नाही. वर्ष तरी त्याला कोणी हात लावला नव्हता.

'आधी तेल मोकळं कर, मग गॅसवर विश्वास ठेव,' हे दादानेच तर घोटवून घेतलं होतं! तेल आत कोंडलेलं असलं की ते उरल्यासुरल्या गॅसला दाबून धरतं आणि काटा मग गॅसचं नाही, तेलाचं प्रेशर सांगतो.

तिने मान वर केली. दादाचीही नजर त्याच थरावर होती.

तिने तार-ब्रशने थर खरवडला, स्क्रूला नळी लावली, नळीचं दुसरं टोक बादलीत सोडलं आणि स्क्रू पाव फेरा, फक्त पाव फेरा ढिला केला. तेल फुसफुसत बादलीत उतरू लागलं.

"काटा बघा, काटा!" कासव ओरडला.

पंचवीस. अठरा. अकरा. काटा असा घरंगळत होता जसा जिन्यावरून चेंडू. सहावर येऊन थांबला.

"सहा!" टाकेबाईने बसल्या जागी उडी मारली आणि डोकं लोडरच्या लोखंडी हातावर आपटून घेतलं. "आई गं! सहा! तिसाच्या जागी सहा! कासव, तुम्ही महिनाभर लोखंडावर बसलात हो!"

"तरीच म्हटलं," कासव कंबर चोळत म्हणाला, "घरी बायको सांगते, तुम्ही झोपेतसुद्धा आदळता."

मग काय, हाताला पंखच फुटले. गॅसच्या तोंडावर साबणाचं पाणी टाकलं तर बुडबुडे, बारीक, मोहरीएवढे, न थांबणारे. उरलेला गॅस सोडून दिला, आतली गळकी वॉल्व्हची पिन काढली, नवी बसवली. नायट्रोजनचा सिलिंडर ढकलत आणला, रेग्युलेटर हळूहळू उघडला. दहा मिनिटं गॅस निवू दिला, परत बघितलं. तीस. साबणपाणी टाकलं. एक बुडबुडा नाही. स्क्रू आवळला. अकरा पन्नास!

रस्त्याच्या कडेला साहेब येऊन उभे होते. नवा ड्रायव्हर हातमोजे घालून तयार. कासवाने शिगोशिग बकेट भरली आणि निघाला. आणि पहिल्याच खड्ड्यात धाडकन आपटला. दोन दगड खाली.

साहेबांनी घड्याळ बघितलं. टाकेबाईने बकेटकडे बघितलं, मग चाकांकडे, आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. भीतीने हा बाबा रोजच्याहूनही हळू, मुंगीच्या पावलांनी चालवतोय!

ती लोडरच्या बाजूने धावत सुटली. "अहो कासव! पळवा! थोडा वेग आल्याशिवाय ती उशी चालूच होत नाही! आयुष्यात एकदा तरी पळवा हो!"

कासवाने डोळे मिटले की काय कोण जाणे, पण पाय दाबला. लोडर पुढे झेपावला. मोठा खड्डा आला. बकेट वर-खाली डुलली, पाळण्यासारखी, मऊ, आणि केबिन जागच्या जागी. दुसरा खड्डा. तिसरा. क्रशर! एक खडा सांडला नाही. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. टाकेबाईने पदर खोचून रस्त्याच्या मधोमध गिरकी घेतली. कासव केबिनमधून हात हलवत होता आणि बहुधा रडतही होता.

साहेबांच्या खोलीत सगळे आले तेव्हाही ती धापाच टाकत होती. नळी खांद्यावर, गेज हातात.

"फोरमन," साहेब म्हणाले, "मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. ड्रायव्हर की मशीन?"

फोरमनने एकदा कासवाकडे बघितलं.

"मशीन," तो म्हणाला. "ड्रायव्हरची काही चूक नव्हती."

साहेबांनी नव्या ड्रायव्हरला जायची खूण केली. कासवाने इतका लांब श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. साहेबांनी त्यातलाच एक कागद ओढून पुढ्यात घेतला.

"मागच्या महिन्यात तुम्ही चारही लोडरपुढे 'ठीक' लिहिलंय. उरलेले तीन कसे तपासले होते?"

टाकेबाई आपल्या बुटांकडे बघू लागली. तेही तेल मोकळं न करताच, हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे दादालाही ठाऊक होतं. "साहेब, ते असं..." तिने सुरुवात केली.

फोरमनने हात पुढे केला आणि तिच्या हातातलं गेज काढून घेतलं. खांद्यावरची नळीही घेतली, वेटोळं करून दंडात अडकवली. मग कोणाकडेही न बघता तो दार उघडून बाहेर पडला आणि दोन नंबरचा लोडर उभा होता तिकडे चालू लागला.